झरीच्या फाट्यावरचा फ्लेक्स

मी डॉक्टर नाही. हे वाक्य आजवर कुणासमोर उच्चारलेलं नाही; लिहितोयही पहिल्यांदाच.

शाळेतली नोकरी सांभाळून मी संज्ञापन विद्येत पीएच.डी. करत होतो. विषय होता, खेड्यात बातमी कशी पसरते. आमच्या गावातल्या, झरीतल्याच लोकांच्या मुलाखती घेतल्या. प्रबंध जमा करण्याआधीचं शेवटचं सादरीकरण झालं, त्या दिवशी मार्गदर्शकांनी तीन प्रकरणं पुन्हा लिहायला सांगितली. रागावले नाहीत. म्हणून जास्तच लागलं.

एसटीतून फाट्यावर उतरलो तर समोर फ्लेक्सवर माझाच फोटो. 'पीएच.डी. प्राप्त केल्याबद्दल हार्दिक अभिनंदन!' सकाळी मेव्हण्याला नुसतं म्हणालो होतो, आज शेवटचं आहे.

"अरे, अजून व्हायचंय," फ्लेक्सखाली पेढे घेऊन उभ्या मेव्हण्याला मी म्हणालो.

"कागद येईल की निवांत, दाजी! आमाला काय कागद बघायचाय?" त्यानं तोंडात पेढा कोंबला.

घरी बायको ताट घेऊन ओवाळायला उभी. माझ्या लिहिण्यापायी तिनं स्वतःचं बी.एड. लांबणीवर टाकलं होतं. "सुटलो बाई एकदाचे," ती म्हणाली. मी मान खाली घालून कुंकू लावून घेतलं.

शाळेच्या कागदावर मी कधी डॉक्टर लावलं नाही. गावात लावायची गरजच पडली नाही. पारावरून हाक यायची, "ओ डॉक्टर, म्हैस पान्हवायली न्हाई, बघता का जरा?" मीही हसायचो. मुलाखतींत मी विचारायचो, बातमी खोटी आहे हे कळल्यावर काय करता? बहुतेक जण म्हणायचे, गप बसतो.

आता गावाच्या लेखी झालेला प्रबंध लिहायला घरात बसणार कसा? टेबल बायकोच्या बी.एड.च्या अभ्यासाला गेलं, माझे कागद पोत्यात भरून माळ्यावर. मानवतला काम आहे म्हणून निघायचो आणि तिथल्या स्टँडच्या बाकावर लिहायचो. ओळखीचं कुणी दिसलं की कागद पिशवीत. धड एक प्रकरण झालं नाही. नोंदणीची मुदत संपत आलीय.

परवा बायको म्हणाली, "तुमचा प्रबंध वाचायचाय मला. एवढी वर्षं चहा केला, आत काय हाय ते तरी बघू द्या."

"विद्यापीठात असतो तो."

"मग चला की. मी डबा करते."

दिवाळीच्या सुट्टीतला दिवसही तिनं ठरवलाय.

विद्यापीठाला तीन प्रकरणं द्यायची राहिली आहेत. तिला खरं सांगायचं राहिलंय, आणि ते आधी सांगायचं आहे.