टेम्पोच्या मागचा मान

डॉक्टरांनी मला एका नळीत फुंकायला लावलं. फुंकले. "अजून जोरात," म्हणाले. जोर असता तर दवाखान्यात कशाला आले असते? मग विचारलं, विडी-सिगरेट ओढता का. लातूरच्या शाळेत उभा जन्म घालवलेल्या बाईला हा प्रश्न. घरात चूल? नाही, गॅस आहे. शाळेत कशानं जाता? सायकलनं, औसा रोडवरून.

"हां," म्हणाले. "मग सायकल सोडा. स्कूटी घ्या."

माझं डोकंच फिरलं. डिझेलच्या रिक्षा सवाऱ्या भरेपर्यंत चौकात धडधडत उभ्या, ट्रक तोंडावर काळा लोट सोडून जाणार, त्यांना कोणी काही सोडायला सांगत नाही. धूर त्यांनी करायचा आणि रस्ता मी सोडायचा. वा रे न्याय.

घरी आल्यावर तोंडाला बांधलेली दस्ती धुतली की मोरीत काळं पाणी जायचं. तेच माझ्या छातीत बसत होतं, कळत होतं मला. तरी सायकल सोडवेना. घरात सगळं विचारून करावं लागलं, एक सायकल तेवढी माझी होती. कुठं चाललीस म्हणून विचारायच्या आत मी कोपऱ्यावर असायचे. पर्समध्ये औषधाचा पंप टाकला आणि चालवत राहिले.

तेवढ्यात आमच्या भागातल्या मंडळानं सायकल फेरी काढली, पर्यावरणासाठी. मंडळाचा अध्यक्ष माझाच जुना विद्यार्थी. घरी येऊन म्हणाला, "बाई, सगळ्यात पुढं तुम्ही. मान तुमचा."

सगळ्यात पुढं मी नव्हते. माझ्यापुढं टेम्पो होता. त्यावर भोंगे, भोंग्यांसाठी जनरेटर, आणि मागच्या फळीवर पाय सोडून बसलेला फोटोग्राफर. टेम्पोचा धूर आणि जनरेटरचा धूर, दोन्ही सरळ माझ्या तोंडावर. वर भोंगा ओरडतोय, झाडे लावा, प्रदूषण टाळा. मी अध्यक्षाला म्हटलं, "अरे बाबा, तो टेम्पो मागं घे."

"बाई, टेम्पो मागं गेल्यावर फोटो कसे निघतील?"

गांधी चौकापर्यंत कशीबशी आले. तिथं दम कोंडला. सायकल टाकून दुभाजकावर बसले, डोळ्यांतून घळाघळा पाणी. पर्समधला पंप काढतेय तोवर मंडळाच्या पोरांनी माझ्या गळ्यात हार घातला. वरून शाल. श्वास येईना आणि पोरं शाल नीट करताहेत, फोटोत यावी म्हणून. मी हार ओढून काढला तेव्हा कुठं एकाच्या डोक्यात प्रकाश पडला आणि त्यानं रिक्षा बोलावली. ती पण डिझेलची.

दुसऱ्या दिवशी पेपरात फोटो. खाली लिहिलेलं, सत्काराने शिक्षिका भावुक. उदगीरहून बहिणीचा फोन आला, "लई छान आलाय गं फोटो. रडलीस होय?" मी दवाखान्यातल्या खाटेवर होते. काय बोलणार, कप्पाळ?

तेव्हापासून सायकल अंगणात उभी आहे. दोन्ही चाकं बसलीत. शाळेत नवरा सोडतो, त्याच्या वेळेनं. बाजारात जायचं तर त्याला विचारायचं. या घरात माझं जे एक होतं ते गेलं, आणि ते नेणाऱ्यांनी मला शाल दिली, याचा मला अजून संताप येतो.

परवा अध्यक्ष पुन्हा आला. यंदाही फेरी आहे म्हणे. मी आत चहा ठेवला होता. त्यानं अंगणात पाहिलं.

"बाई, सायकल हाय की अजून."

"सायकल हाय. छाती न्हाई राहिली," मी म्हटलं. "तुझ्याच टेम्पोमागं गेली ती."

त्यानं सायकलच्या बसलेल्या चाकांकडं पाहिलं. मला वाटलं, कळलं पोराला.

"मग असं करा ना बाई," तो म्हणाला, "यंदा टेम्पोत बसा. ड्रायव्हरशेजारी. मान तुमचाच."

मी उठून आत गेले आणि चहाखालचा गॅस बंद केला.