पायाळूला बाहेर बसवा

आईच्या पोटातून माझे पाय आधी बाहेर आले, डोकं नंतर. एवढ्या एका गोष्टीवरून कोपरगाव तालुक्यातल्या आमच्या गावानं माझी कामं जन्मभरासाठी ठरवून टाकली. कुणाच्या पाठीत उसण भरली की मला बोलावणं यायचं. तो माणूस ओट्यावर पालथा पडायचा, मी त्याच्या कमरेत तीन लाथा हाणायच्या, आणि तो 'मोकळं वाटलं बघ' म्हणत उठून माझ्या हातावर गूळ-शेंगदाणे ठेवायचा. कुणी बोअर घ्यायला निघालं की माझ्या तळहातावर नारळ ठेवून मला त्याच्या रानातून फिरवायचे. पायाळूला जमिनीखालचं पाणी कळतं म्हणे. मला फक्त अनवाणी पायांना ढेकळं टोचतात एवढंच कळायचं.

आणि आभाळ गडगडायला लागलं की हीच माणसं मला घराबाहेर काढायची. पायाळू माणसावर वीज पडते, हे आमच्याकडे शेंबड्या पोरालाही पाठ. माझी जागा गोठ्यात. वर पत्रे, चारी बाजूंना लोखंडी खांब, आत एक म्हैस आणि मी. बाकी सगळे घरात दार लावून बसलेले. आई दाराच्या फटीतून बघत राहायची. तिनं मला कधी 'जा' म्हटलं नाही, पण कधी 'थांब' असंही म्हटलं नाही. ती जाऊन इतकी वर्षं झाली, तरी मला तिचा राग येतो. म्हैस मात्र जरा सरकून जागा करून द्यायची.

पुढे मी शिकले, भिंगारच्या एका शाळेत कारकुनी केली, निवृत्त झाले आणि आता शहरात, सावेडीत तिसऱ्या मजल्यावर राहते. इथं पायाळू वगैरे कुणी मानत नाही. इथली माणसं शिकलेली आहेत, म्हणजे ती आपल्याच हुशारीवर मरायला तयार आहेत. परवाच्या गारपिटीत आमच्या इमारतीतली निम्मी माणसं मोबाईल घेऊन गच्चीवर गेली होती. विजा कडकडताहेत आणि हे लोखंडी कठड्याला रेलून गारांचे व्हिडिओ काढताहेत. मी जिन्यातून ओरडले, तर एक इंजिनिअर गृहस्थ हसून म्हणाले, "काकू, एवढं काही होत नाही." 'एवढं काही होत नाही' हे वाक्य मी इतक्या तोंडांतून ऐकलंय की ते कानावर पडलं की माझं टाळकंच सटकतं. ज्याला ते होतं, तो पुन्हा सांगायला येत नाही, म्हणून हे वाक्य टिकलंय.

आता सरकारनं इशारे थेट मोबाईलवर पाठवायला सुरुवात केली आहे. एकदम सगळे फोन थरथरतात आणि भोंग्यासारखे बोंबलतात. विजा पडणार आहेत, झाडाखाली थांबू नका, पक्क्या घरात जा, असं स्वच्छ मराठीत लिहिलेलं असतं. आमच्या गावात साखर कारखान्याच्या भोंग्यावर घड्याळं लावायचे. तो वाजला की बायका भाकरी थापायला बसायच्या. एका भोंग्यावर एवढा विश्वास! आणि हा जीव वाचवायचा भोंगा वाजला की माझा थोरला भाऊ फोन उशीखाली सारतो.

"मागल्या बारीला वाजला तवा टिपूस न्हाई पडला," तो म्हणतो. "ह्यांचं काय खरं हाय?"

मला लाथा मारायला लावून स्वतःची कमर बरी करून घेणारा हा माणूस हवामान खात्याकडे पुरावा मागतो.

मला वाटलं होतं, निदान पायाळूचं खूळ तरी माझ्याबरोबर संपेल. पण पुतण्याला मुलगी झाली. पुतण्या आणि त्याची बायको पुण्यात नोकरी करतात. बाळ पोटात आडमुठं बसलं होतं, पाय खाली, म्हणून डॉक्टरांनी सिझेरियन केलं. आता पोट उघडून काढलेल्या लेकराचे पाय आधी काय आणि डोकं आधी काय! पण आमच्या वहिनीनं सोनोग्राफीचा कागद कुणाकडून तरी वाचून घेतला आणि मशिनच्या साक्षीनं नातीला पायाळू ठरवलं. सगळ्या गावात सांगून आली. विज्ञानाचा एवढा उपयोग आमच्या घरात त्याआधी कुणी केला नव्हता.

ती मुलगी आता आठ वर्षांची आहे. यंदा मे महिन्यात ती सुट्टीला गावी आली, म्हणून मीही गेले. शेतात उन्हाळी कांद्याची काढणी चालली होती. दुपारी दोनच्या सुमाराला वावरातले सगळे फोन एकदम बोंबलले. भावानं आवाज बंद केला. कांद्याची पात कापणाऱ्या बायकांतल्या एकीनं फोनकडे बघून "मेला दचकवतो नुसता" म्हणत तो पिशवीत टाकला. पश्चिमेकडून आभाळ काळंनिळं होत येत होतं. त्यासाठी फोनचीही गरज नव्हती, नुसती मान वर करायची होती. पण सगळ्यांच्या माना कांद्यावर. काढलेला माल उघड्यावर भिजेल ही भीती त्यांना होती, आणि ती खोटी नव्हती. ताडपत्री ओढायला मीही हात लावला. मला राग आला तो एवढ्यासाठीच की कांद्यासाठी पळणारी माणसं स्वतःसाठी पळत नाहीत.

पहिला कडकडाट झाला आणि आठ-दहा बायका धावत सुटल्या त्या थेट बांधावरच्या चिंचेखाली. स्लॅबचं घर एका वावराच्या अंतरावर. मी ओरडले, "झाडाखाली नको, घरात चला!"

"घरला जाईस्तवर भिजू की आक्का," एक म्हणाली. "पाच मिन्टाची सर हाय. एवढं काय हुत न्हाई."

झालं. माझं टाळकं सटकलं. चाळीस वर्षं मी जी गोष्ट मनातल्या मनात गाडत आले होते, तीच मी तिथं उकरून काढली. तरातरा चालत चिंचेखाली गेले, मधोमध उभी राहिले आणि म्हणाले, "मी पायाळू हाय. ठावं हाय ना? आता थांबा माझ्यासंगं."

एका क्षणात ते झाड रिकामं झालं. पायाखालून साप निघाल्यासारख्या सगळ्या जणी उधळल्या. पदर, विळे, डबे, काही न बघता घराकडे पळत सुटल्या. मागून भाऊही पळाला. जे सरकारी इशाऱ्यानं झालं नाही ते माझ्या दोन पायांनी केलं. खरं सांगते, मला हसू आलं. त्यांच्यामागून घराकडे पळताना मी स्वतःवर फार खूश होते.

घरात दाटीवाटीनं सगळी बसली होती, आणि नात नव्हती.

"हितंच हुती की," वहिनी म्हणाली. "तुमाला पळताना बघत खिडकीत उभी हुती."

मी बाहेर धावले. पाऊस सुरू झाला होता. घरामागच्या, कांदा काढून मोकळ्या झालेल्या वावरात, जिथं आडोशाला साधं झुडूपही नव्हतं, तिथं ती गुडघ्यांत डोकं घालून बसली होती. वीज चमकली तेव्हा ती मला लख्ख दिसली. मी तिला उचललं तर तिनं पाय झाडले.

"मला घरात नको नेऊ, आत्याआजी. घरात सगळे आहेत."

"तुला कुणी बाहेर जायला सांगितलं?"

"कुणीच नाही. तू झाडाखाली गेलीस तर सगळे पळाले ना? म्हणजे ते खरंच असतं."

तिला छातीशी धरून मी चिखलातून पळत आले. ते अंतर पन्नास पावलांचं असेल, पण एवढी शरम मला आयुष्यात कधी वाटली नव्हती. आठ-दहा बायकांना झाडाखालून काढण्यासाठी मी जे खोटं वापरलं, ते माझ्याच घरातल्या लेकरानं खरं धरलं. गावाला शिव्या घालायला मी मोकळी होते, पण तिला वावरात नेऊन बसवलं ते मीच.

त्या दिवशी कुठंही वीज पडली नाही. चिंच जशीच्या तशी उभी आहे. पाऊस ओसरल्यावर बायका मला बिचकत वाट सोडत होत्या आणि आपसांत म्हणत होत्या की बाई झाडाखालून वेळेवर निघाली म्हणून झाड वाचलं. संध्याकाळी मी भावाशी आणि वहिनीशी कडाकडा भांडले. वहिनीचं एकच पालुपद, "आमी कुठं तिला भायेर जा म्हनलं?" ते खरंच होतं. आईनं तरी मला कुठं म्हटलं होतं? नातीला मी समोर बसवून सांगितलं, पायाळू असं काही नसतं, मी खोटं बोलले होते. तिनं मान डोलावली. मोठी माणसं आता काहीतरी बरं वाटावं म्हणून बोलताहेत, हे मुलांना कळतं. तशी तिनं ती डोलावली.

दुसऱ्या दिवशी भिजलेल्या गोण्या उचलताना भावाच्या पाठीत उसण भरली. दुपारी मी शेजारून परत आले तर तो पडवीत पालथा पडलेला आणि नात त्याच्या कमरेवर उभी.

"हान जोरात," तो म्हणत होता. "भिऊ नगं. लई गुन हाय तुझ्या पायाला."

मी तोंड उघडणार तेवढ्यात घरातले सगळे फोन बोंबलले.

"बंद करा गं ते," भाऊ जमिनीत तोंड खुपसूनच म्हणाला. वहिनीनं आतून येऊन आवाज बंद केला आणि ती पुन्हा चुलीकडे गेली. कुणी दार लावलं नाही. वावरात गेलेल्या बायकांना कुणी हाक मारली नाही. ऊन अजून होतं, आणि त्या घरात तो इशारा एकाच माणसानं खरा मानला. नात आजोबाच्या पाठीवरून खाली उतरली, दाराशी गेली आणि चपला शोधायला लागली.

"कुठं निघालीस गं?" भावानं मान वळवून विचारलं. "आजून दोन लाथा ऱ्हाल्यात."

"वावरात," ती म्हणाली. "विजा यायच्या आत."

भाऊ कण्हत उठून बसला. तिच्याकडे बघितलं, मग माझ्याकडे. मी त्याच्याकडे बघत राहिले आणि त्याला एका शब्दाचीही मदत केली नाही. शेवटी तो भिंतीचा आधार घेत उठला, दारात गेला आणि त्यानं वावरातल्या बायकांना हाक मारली, "घरात या गं समद्या! वीज येनार हाय!"

मी नातीच्या पायांतल्या चपला काढून माळ्यावर फेकल्या, तिला मांडीवर ओढलं आणि बायका आत आल्यावर दारात पाय आडवे टाकून बसले.