गॅरेजमधली फितुरी

समस्त नागपूरकर आप्तेष्टांना, तसंच पोटापाण्यासाठी जगभर पांगलेल्या मित्रमंडळींना अत्यंत जड अंतःकरणाने कळवण्यात येतं की माझ्याशी फितुरी झालेली आहे. स्थळ, इंग्लंडात मिल्टन कीन्समधलं आमचंच गॅरेज. आरोपी दोन : माझी सख्खी बायको मेधा आणि माझी सख्खी मुलगी रेवा, वय वर्षं आठ.

पहिल्यापासून सांगतो. आम्ही नागपूर सोडलं तेव्हा रेवा कडेवर होती. टॅक्सीच्या खिडकीत वाकून आईने पासपोर्ट, स्वेटर यांतलं काहीच विचारलं नाही. एवढंच बजावलं, "तिकडे कोणी दारात आलं तर हातावर काही ठेवल्याशिवाय पाठवू नकोस." बाबा म्हणाले, "नाटकं कमी कर." दोघांपैकी एकाचंच ऐकणं मला शक्य होतं.

अडचण अशी, की इथे दारात कोणी येईचना. नागपुरात भरदुपारी आमच्या दाराला कडी दिसली तर शेजारचे तब्येत विचारायला यायचे. इथे बेल वाजायची ती पार्सलवाल्याची, आणि मी दार उघडेपर्यंत त्याची व्हॅन कोपऱ्यावर पोचलेली. सगळे गाडीने जाणार, गाडीने येणार. ओळख म्हणजे काचेआडून हलवलेला हात. त्यामुळे ऑक्टोबरच्या शेवटच्या संध्याकाळी, हॅलोविनला, पोरं भुताखेतांचे वेश करून खाऊ मागत आपणहून घरोघर बेल वाजवत फिरतात हे कळलं, तेव्हा मला अक्षरशः भरून आलं.

बाकी लोक चॉकलेटं वाटायचे. मी म्हटलं, दारात आलेल्या लेकरांचे दात आपण किडवायचे नाहीत. ऑफिसातून हाफ डे घेऊन किचनमध्ये शिरलो. अर्ध्या केळ्यांना मनुकांचे डोळे लावून भुतं केली. गाजराच्या बोटांना बदामाची नखं लावली. मेधाने नट ॲलर्जीची आठवण करून दिल्यावर ती उपटून काकडीच्या सालीची बसवली. राजगिऱ्याच्या लाडवांच्या कवट्या केल्या. आली फक्त तीन पोरं. त्यांतल्या एकाने केळ्याकडे पाहिलं, माझ्याकडे पाहिलं आणि फार अदबीने "नो थँक यू" म्हणाला. दुसऱ्या दिवशी रेवाला शाळेत सोडायला निघालो, तर शेजारच्या कुंपणात एक कवटी सापडली. ती मी खिशात टाकली आणि तो आठवडा कोणाशी धड बोललो नाही.

पुढच्या वर्षी उघडं काहीच ठेवलं नाही. नागपूरच्या माणसाने, लाज गुंडाळून, स्पेनची संत्री आणली. प्रत्येकावर मार्करने भुताचा चेहरा काढला. अंगावर पांढरी चादर, डोळ्यांना दोन भोकं आणि दार उघडताना पोटातून काढलेली डरकाळी. आणि काय सांगू, रांग लागली! पोरं किंचाळायची, संत्रं घ्यायची, "लव्हली, थँक यू" म्हणायची. त्याच्या पुढच्या वर्षी आणखी गर्दी. फोनवर मी आईला सांगायचो, की अख्ख्या कॉलनीचं आरोग्य मी एकटा सांभाळतोय. मेधा शेजारी बसून मेथी निवडायची, मान वर न करता.

संत्र्यांच्या तिसऱ्या वर्षी एका संत्र्यावर मी बाबांचा चेहरा काढला. चष्मा, मिशा, नाराजी, सगळं हुबेहूब. ते एका उंच सांगाड्याला देऊन टाकलं. अर्ध्या तासाने मेधाने किचनमधून संत्र्यांची टोपली भरून आणून ठेवली, आणि तिच्यातून बाबा माझ्याकडे बघत होते.

मी चादरीसकट घराला वळसा घालून मागे गेलो. गॅरेजचं दार अर्धं उघडं. आत मेधा, मांडीवर चॉकलेटांचा डबा. शेजारी रेवा, चेटकिणीची टोपी घालून. दोघींच्या पायाशी बादली. पोरं शिस्तीत संत्रं बादलीत टाकत होती आणि चॉकलेट घेऊन पुढे सरकत होती.

ज्या गर्दीला मी माझी समजत होतो, ती तीन वर्षं मागच्या दाराने विकत आणलेली होती. परक्याने फसवलं तर इतकं लागत नाही. परदेशात आपण त्या तयारीनेच राहतो. आता लोक विचारतात, तुझं घर कुठलं, नागपूर की मिल्टन कीन्स? मी म्हणतो, ते गॅरेज. इतक्या निष्ठेने, वर्षानुवर्षं आपल्याला फसवत राहायला माणसं घरचीच लागतात.

पण हे शहाणपण आजचं. त्या संध्याकाळी मी दोघींना जाब विचारायला थेट रांगेत घुसलो. चादर पांघरलेली आणखी दोन भुतं रांगेत होती आणि माझी उंची बेताचीच, त्यामुळे मला कोणी ओळखलं नाही. माझ्या पुढे भोपळा झालेली एक सहा-सात वर्षांची मुलगी उभी होती. ती वळली. माझ्या रिकाम्या हातांकडे बघून तिला माझी दया आली असावी. अख्ख्या गॅरेजला ऐकू जाईल अशा आवाजात ती तिच्या इंग्रजीत म्हणाली, "आधी पुढच्या दारातल्या भुताला घाबरून ये. आणि नीट घाबर. जे घाबरत नाहीत त्यांना ह्या आंटी चॉकलेट देत नाहीत."