दुर्बीण सापडली, पण...

बाकीच्या केसेस पुसट झाल्या. तळ्यावरच्या दुर्बिणीची केस मात्र मी काही केल्या विसरत नाही.

गोवा नुकतेच घटकराज्य झाले होते. आमच्या पोलीस ठाण्याच्या पाटीवर अजून 'गोवा, दमण व दीव' होते. डिचोली तालुक्यातल्या त्या तळ्यावर हिवाळ्यात पाहुणी बदके उतरतात. ती बघायला आलेले एक प्राध्यापक सकाळीच ठाण्यात आले. होडीतून उतरून ते बांधावर फिरले, तर पिशवीत दुर्बीण नाही. संशय होडीवाल्यावर. आमच्या खबऱ्यानेही री ओढली, "पोरीचे लग्न जमवतोय, नड असणारच."

मी होडीवाल्याला आणून बसवले. दुपारपर्यंत तोच प्रश्न, तेच उत्तर.

"साहेब, माका खबर ना. सांजेक चेडवाक बघूक पावणे येतले. माका सोडा."

"कबूल हो आणि जा," मी म्हणालो. एक थप्पडही दिली. लपवत नाही.

शेवटी त्याच गावचा हवालदार खाली बघत म्हणाला, "साहेब, राखणदाराकडे बघलात?"

राखणदार म्हणजे गाव राखणारा देव, बांधावरच्या झाडाखालचा दगड. वाटेत सापडलेली वस्तू त्याच्यापुढे ठेवायची, ज्याची असेल तो नेईल, अशी त्या गावची रीत. आमच्या पेडण्याच्या गावातही हेच चालते. मी मात्र खाकी चढवली आणि विसरलो. दुर्बीण तिथेच होती, वर केळीचे पान झाकलेले. गवत कापणाऱ्या बाईने ठेवली होती.

"मग सांगितले का नाहीस?" मी तिला विचारले.

"तुमी चोर कोण तें विचारीत फिरलात. वस्त खंय आसा तें कोणी विचारलां?"

मला लाज वाटली. होडीवाल्याची माफी मागायला जीभ वळेना, म्हणून म्हटले, निदान वेळेवर घरी पोचवू.

"पाणंदीर सोडा साहेब, हांव चलत वतां," तो म्हणाला.

"छे छे, चालत कशाला? दारात सोडतो."

जीप थेट अंगणात नेली. ओसरीवर सावंतवाडीकडचे पाहुणे चहा घेत होते. मुलीचा बाप पोलिसांच्या जीपमधून उतरताना त्यांनी पाहिला. मी खाली उतरून सगळे नीट सांगितले, त्याचा काही दोष नाही म्हणालो. त्यांच्यातल्या वडीलधाऱ्याने अदबीने ऐकले आणि अर्धा कप खाली ठेवला.

चोर शोधण्याआधी वस्तू कुठे आहे ते विचारावे, हे मी नंतर प्रत्येक नव्या फौजदाराला शिकवले. प्राध्यापकांची दुर्बीण पंचनामा करून त्याच दिवशी परत दिली. ते सोयरे मात्र पुन्हा आले नाहीत.