बुक्कीनं फोडलेला कांदा

तुमच्या घरी स्वयंपाक करणारी बाई कुठं बसून जेवते, सांगता येईल?

मुकुंदवाडीच्या, घरोघरी स्वयंपाक करणाऱ्या सत्यभामाबाईंना मालकिणीनं सोबतीला म्हणून अंदमानच्या आरोग्य शिबिरात नेलं. आठ दिवस चूल बंद, सगळं कच्चं. काकडीच्या चकत्यांनी पोट भरेना, म्हणून तिसऱ्या दिवशी बाईंनी पिशवीतला कांदा टेबलावर ठेवून बुक्कीनं फोडला, मीठ लावलं.

मालकीण म्हणाली, "मावशी, वास येतो. बाहेर पायरीवर बसून खा."

"ताई, ह्यो बी कच्चाच हाय की. रानात जन्मभर हेच खाल्लं, तवा कुणी शिबिर म्हणलं नाय."

तरी उठावंच लागलं. उरलेले पाच दिवस त्या पायरीवरच जेवल्या. त्यांच्या तोंडून हे ऐकलं, माझं डोकं अजून तापतं.

आज तुमच्या मावशींना आपल्यासोबत टेबलाशी जेवायला बसवा आणि कांदा त्यांनाच फोडू द्या.