डिझेलची नळी

देवीदास फवारणीवाला होता, आणि त्याच्यासारखा सोवळ्यातला फवारणीवाला आमच्या पातूरच्या बाजूला दुसरा नव्हता. पंप पाठीवर घेण्याआधी मूठभर माती उडवून वारा बघणार. वारा फिरला की काम बंद. हातपाय साबणानं धुतल्याशिवाय तंबाखूच्या पुडीला हात नाही. आम्ही त्याची टिंगल करायचो, "देवीदास, पूजेले बसून राहिला काय?" तो म्हणायचा, "भाऊ, देव चुकी माफ करते. हे औषध नाही करत."

अठरा वर्षं त्यानं गावाची रानं फवारली. कधी चक्कर नाही, कधी उलटी नाही. असा माणूस माझ्या शेतातल्या औषधानं गेला, आणि गाव म्हणतं की त्यानं विष घेतलं.

गेल्या मे महिन्यातली गोष्ट. अवकाळी पाऊस दोनदा पडून गेला होता आणि माझ्या सहा एकर रिकाम्या रानात कुंदा माजला होता. कुंदा म्हणजे काळ्या मातीतलं महाहट्टी गवत, नुसत्या नांगरानं ऐकत नाही. म्हणून नांगरटीच्या आधी तणनाशक मारायचं. देवीदास म्हणत होता, मुळापर्यंत जाणारं आणा, आठ-दहा दिवस लागतील. मला कुठला तेवढा दम. ट्रॅक्टर ठरलेला होता. मी दोन दिवसांत जाळणारं आणलं, तेही सगळ्या हंगामाला पुरेल असा वीस लिटरचा कॅन.

कॅन काठोकाठ भरलेला. देवीदास मापात ओतायला गेला तर भळकन बाहेर आलं आणि मातीत सांडलं. माझं डोकं फिरलं. इंजिनातलं डिझेल काढायची प्लास्टिकची नळी झोपडीत लटकवलेली होती, ती आणून मी त्याच्या हातात दिली. डिझेल आम्ही सगळेच तसं काढतो. एक टोक आत टाकायचं, दुसरं तोंडात धरून ओढायचं.

"तोंडानं ओढू? भाऊ, जहर हाय हे."

"डिझल ओढतं तवा मरतं काय? थुकून टाकजो. इथंच दुपार करतं काय आता?"

त्यानं माझ्याकडे बघितलं. मालकाकडे मजूर बघतो तेवढंच. मग नळी तोंडात धरली.

औषध त्याच्या अंदाजापेक्षा लवकर वर आलं. तो थुंकला, पण घोट गेलाच होता. उलटी झाली. बाटलीभर पाण्यानं त्यानं चुळा भरल्या. घरी जा, असं मी म्हणालो. नाही म्हणालो असं नाही. पण दवाखान्यात चल म्हणालो नाही. "अर्धं मिसळून झालं, मारून टाकतो," म्हणाला आणि दिवस मावळेपर्यंत फवारत राहिला.

तिसऱ्या दिवशी त्याची जीभ सोलून निघाली, लघवी बंद झाली. त्याच्या बायकोनं, मनकर्णानं, त्याला अकोल्याच्या दवाखान्यात नेलं. मीही सोबत गेलो. डॉक्टरीणबाईंनी मला बाहेर बोलावून सांगितलं की यावर उतारा नाही. आणि आत देवीदास उठून बसलेला, चहा मागत होता. ते बघवत नव्हतं. पुढे त्याला धाप लागायला लागली. मनकर्णा ऑक्सिजन लावा म्हणून पाया पडली. डॉक्टरीणबाई म्हणाल्या, या विषात ऑक्सिजननं फुप्फुसं आणखी जळतात, अगदी शेवटाशिवाय लावता येत नाही. मग ती पदरानं वारा घालत बसली.

पोलिसांना कळवावंच लागतं. हवालदार आला. देवीदास त्याला तुटक तुटक म्हणाला, "मी घेतलं नाही साहेब. नळी ओढली."

"सगळे असंच सांगतात," हवालदार म्हणाला. "घरात लग्नाची पोरगी असली की जास्तच."

पोरगी होतीच. प्रतीक्षाची सोयरीक मूर्तिजापूरकडे जमत आली होती. बापानं विष घेतलं म्हटलं की पाहुणे घरातलं काय काय उकरून काढतात, हे काय सांगायला पाहिजे? देवीदासला मरणापेक्षा त्याचीच धास्ती होती. त्यानं माझ्याकडे बोट केलं. "वामनभाऊले इचारा. ते तिथंच होते."

खोटं बोलायला मला फार वेळ लागला नाही. नळी मी दिली म्हटलं तर गुन्हा माझ्यावर येईल, एवढंच डोक्यात आलं. "मी दूर शेताच्या धुऱ्यावर होतो, पाठमोरा," म्हणालो. "मले काही दिसलं नाही."

देवीदासनं तोंड भिंतीकडे केलं. तो आणखी तीन दिवस होता, पण माझ्याशी बोलला नाही. कागदावर विष प्राशन केलं असं आलं. मूर्तिजापूरचे पाहुणे पुन्हा फिरकले नाहीत.

तेरावं झाल्यावर मनकर्णा माझ्या ओट्यावर येऊन बसली. मला वाटलं, भांडायला आली. ती खालच्या आवाजात म्हणाली, "भाऊ, तुमी त्यायच्या संगं होते. खरं सांगा मले. कायचं दुख होतं त्यायले? मी काही बोलली काय? रोज आठवून राहिली, काही सापडत नाही."

नवरा गेला तो गेला, आणि ही बाई आता स्वतःची चूक शोधत बसली होती. मला माझी शिसारी आली. मी सगळं सांगून टाकलं. नळी, मी काय बोललो ते, हवालदारापुढचं खोटं, सगळं.

ती रडली नाही. पदर खोचून उभी राहिली. "मंग चला पातूरले. ठाण्यात हेच सांगा. पोरीचं होऊन जाईन."

"उद्या जाऊ," मी म्हणालो. "सकाळच्या एसटीनं."

सकाळी दोघी मायलेकी धुतलेले कपडे घालून थांब्यावर उभ्या होत्या. मी मागच्या दारानं शेतात निघून गेलो. दुपारपर्यंत त्या तिथंच होत्या, असं नंतर कळलं.