सेनायदा वहिनीच्या बोटांनी ओळखलं ते

माझ्या वहिनीला, सेनायदाला, डोंगरातलं आमचं उभं मोका गाव भुरी म्हणूनच ओळखायचं. केस कापसासारखे पांढरे, दुपारी दोन मिनिटं अंगणात उभी राहिली की अंग लालेलाल, आणि डोळे सारखे इकडून तिकडे हलणारे. दिसायचं ते नाकाच्या शेंड्यापुरतं. त्यापुढे सगळा धूर. माझ्या भावानं तिला लग्न करून आणलं तेव्हा मी आईला तोंडावर म्हणाले होते, ही बाई चुलीत हात घालेल आणि आपल्यालाच निस्तरावं लागेल. तोंडानं मी पहिल्यापासून फटकळ.

आणि ही बाई करायची काय, तर लेस विणायची. मांडीपुढे गोल उशी, उशीवर टाचण्या, आणि दोरा गुंडाळलेल्या बोटाएवढ्या लाकडी काड्यांच्या चाळीस जोड्या. त्या काड्या एकमेकींवरून टाकत टाकत लेस होते. चांगल्या डोळस बायका नक्षीच्या कागदावर नजर खिळवून बसतात. ही खिडकीकडे तोंड करून माझ्याशी भांडायची आणि हात चालूच. काडी चुकली तर तिला आवाजावरून कळायचं. बोलता बोलता थांबायची, ऐंशी काड्यांतून नेमकी तीच उचलायची आणि पुन्हा भांडण पुढे चालू. तीस वर्षं मी हे बघितलं आणि तीस वर्षं चाटच पडत राहिले. आमच्या डोंगरातली कितीतरी बाळं तिच्या लेसचं झबलं घालून बाप्तिस्म्याला गेली.

तिचा आजार जन्माचा होता. आई आणि बाप दोघांकडून रक्तात एकेक चूक आली तरच तो होतो. एकाकडूनच आली तर माणूस ठणठणीत राहतो, पण चूक पुढे देतो. आमच्याकडे अशी ठणठणीत माणसं घरोघरी आहेत, असं डॉक्टर सांगायचे. वहिनीचं रक्त लवकर गोठत नसे. टेबलाचा कोपरा लागला तरी मांडीवर हा एवढा निळा डाग. डोकेदुखीची साधी गोळीसुद्धा तिला विष. आणि पंचेचाळिशीनंतर फुप्फुसं घट्ट होत चालली होती. फाटकापासून दारापर्यंत येताना तीनदा थांबायची आणि म्हणायची, फुलं बघतेय. फुलं तिला दिसत नसत हे आम्हा दोघींनाही ठाऊक होतं.

आता माझी चूक सांगते. केस पांढरे असले तरच तो आजार, नाहीतर नाही, अशी आमच्या लोकांची पक्की समजूत. माझीही तीच.

वहिनीची भाची ग्लोरिमार. तिची पोर यारेलिस, सहा वर्षांची, गोरीपान पण केस छान तपकिरी. तिचा बाप कधीच परदेशी निघून गेला होता, आणि ग्लोरिमारनं एलिउद नावाच्या सुताराशी दुसरा संसार थाटला होता. हा एलिउद चार शब्द विचारले तर अर्ध्यात उत्तर देणारा. मी तेव्हा शाळेच्या स्वयंपाकघरात होते. एक दिवस भाताची थाळी घ्यायला यारेलिसनं हात पुढे केला, बाही वर सरकली, आणि दंडावर चार बोटं उमटलेली दिसली. पाठीवरही डाग होते. माझं डोकं फिरलं. सावत्र बाप, घुम्या माणूस, आणखी काय पुरावा हवा होता मला? पळी ठेवली आणि तडक मुख्याध्यापिकेकडे गेले.

तिसऱ्या दिवशी सरकारी बाई आल्या. चौकशी होईपर्यंत पोरीला घरी ठेवायचं नाही, नात्यात कुणी असेल तर तिथे, नाहीतर परक्या घरी पाठवायचं, असं ठरलं. वहिनी म्हणाली, माझ्याकडे राहू दे. दीड महिन्यात डागांचा उलगडा झाला नाही तर पोर कायमची जाणार होती. ग्लोरिमारनं भर रस्त्यात माझी जी शोभा केली ती मी इथे सांगत नाही. एलिउद मात्र रोज संध्याकाळी वहिनीच्या फाटकाबाहेर गाडी लावायचा, पोरीला लांबून बघायचा आणि निघून जायचा. मला वाटायचं, मन खातंय मेल्याचं.

आठवड्याभरात वहिनीनं मला हाक मारली. यारेलिस तिच्याजवळ लेस शिकत होती.

"ओब्दुलिया, ही पोर काडी उचलते ना, तेव्हा तिचा श्वास माझ्या बोटांवर लागतो," वहिनी म्हणाली. "दर काडीला. इतकं कोण वाकतं?"

"लहान आहे. वाकली."

"लहान पोरांना दिसतं. ही माझ्यासारखी वाकते. मान तिरकी करून, एका डोळ्यानं." मग म्हणाली, "तिला कुणी मारलेलं नाही. माझंच आहे तिच्यात."

मी म्हणाले, काहीतरीच काय, केस बघ की तिचे. तर ती हसली आणि म्हणाली, केस मला कुठे दिसतात.

शाळेनं त्या पोरीला चष्मा दिला होता, वर्गातल्या बाईंनी पुढच्या बाकावर बसवलं होतं, मी दोन वर्षं तिला रोज जेवायला वाढत होते. इतक्या डोळ्यांना जे दिसलं नाही ते या बाईला बोटांवरच्या वाफेवरून कळलं होतं.

सरकारी बाईंना मात्र ते पटेना. त्या वाईट नव्हत्या, पण असल्या सबबी त्यांनी ढिगानं ऐकल्या होत्या. वहिनीनं ब्लाउजची बाही वर केली आणि हात पुढे धरला.

"रस्ता ओलांडताना पोराचा दंड धरता तसा धरा. तेवढाच जोर लावा. आणि उद्या या."

बाईंनी संकोचत धरला. दुसऱ्या दिवशी आल्या तर दंडावर त्यांचीच चार बोटं उमटलेली, निळी-जांभळी. त्या किती तरी वेळ त्या हाताकडे बघत राहिल्या. मग स्वतःच्या हाताकडे बघितलं. त्याच आठवड्यात यारेलिसचं रक्त राजधानीच्या दवाखान्यात तपासायला गेलं.

मग आम्ही वाट बघायला लागलो. आणि आम्ही काय मागितलं बघा. ग्लोरिमारनं गुडघ्यांवर चालत देवळात जायचा नवस बोलला. मी तिथल्या माउलीच्या मूर्तीपुढे रोज मेणबत्ती लावायचे. पोरीला तो आजार निघू दे. निघाला तर एलिउद निर्दोष, पोर आईजवळ. नाही निघाला तर पोर परक्याच्या दारात, आणि ते माझ्या जिभेमुळे. एका लहान जिवासाठी मी आजार मागत होते आणि मला त्यात काही वावगंही वाटत नव्हतं.

पाचव्या आठवड्यात सरकारी बाई स्वतः निकाल घेऊन आल्या. तोच आजार. ग्लोरिमार ओरडलीच आनंदानं, मला मिठी मारली, मला, जिनं तिची पोर काढून घेतली होती. एलिउद फाटकातून पहिल्यांदाच आत आला. यारेलिस धावत गेली, पण त्यानं हात मागे घेतले. आपल्या हातांची त्याला भीती वाटत होती. शेवटी पोरीनंच त्याचं एक बोट पकडलं. तेव्हा तो गडी रडला. मी त्याची माफी मागितली. त्यानं नुसती मान हलवली.

मग ग्लोरिमारचं लक्ष वहिनीकडे गेलं. वहिनी खुर्चीत श्वास गोळा करत बसली होती. ग्लोरिमारचं हसू बघता बघता विरलं.

"आत्या, हिलाही असंच होणार?"

वहिनी खोटं बोलली नाही. म्हणाली, बहुतेक हो, पण तुला आत्तापासून ठाऊक आहे, मला पंचविशीपर्यंत कुणी सांगितलं नव्हतं. हिचा दात काढायचा तर आधी डॉक्टरांना सांग, डोकेदुखीची ती गोळी घरात ठेवू नकोस, उन्हात हिला टोपी घाल. राजधानीच्या दवाखान्यात नवी औषधं शोधतायत, तिथे हिचं नाव घाल. एकेक गोष्ट सांगताना मध्ये थांबत होती. ग्लोरिमार प्रत्येक शब्द घोकल्यासारखा पुन्हा म्हणत होती.

ते सगळे गेले. मी कॉफी ओतली आणि म्हणाले, वहिनी, सुटलो बाई, माउलीनं ऐकलं.

तिनं कप हातात घेतला, पण प्यायली नाही.

"तुमचं ऐकलं," ती म्हणाली. "तुम्ही सगळे आजार मागत होतात. मी रोज मागत होते की माझी बोटं चुकलेली असू देत."

मी तिच्या शेजारी बसले. गार झालेला कप तिच्या हातातून काढून घेतला.